जुन्या रायफली आणि अमेरिकेचा कायदा

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींची जी खरेदी-विक्री चालते, तिच्या याद्यांत "इशापूर" हे नाव वारंवार येते हे वाचून आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या या कारखान्याची रायफल, दस्त्याच्या गळ्यावरील पोलादी कड्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि सालाचा आकडा ठोकलेली, आज टेक्सास किंवा ओहायोतल्या एखाद्या घराच्या कपाटात तेल लावून उभी असते. तिच्यासोबत जपून ठेवलेल्या काडतुसांच्या बुडावर कित्येकदा "के. एफ." अशी दोन अक्षरे असतात. ती अक्षरे किर्की फॅक्टरीची, म्हणजे पुण्याजवळच्या आपल्या खडकीची. १८६९ साली उभारलेल्या त्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा माल साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात फिरला आणि त्यातला उरलासुरला भाग अखेर अमेरिकन हौशी मंडळींच्या पेट्यांत जाऊन बसला.

हा माल आता संपत आला आहे, भाव चढत आहेत, आणि त्याबरोबर एक जुना प्रश्न पुन्हा वर येत आहे. शस्त्र किती वर्षांचे झाले म्हणजे ते शस्त्र राहत नाही? अमेरिकेच्या कायद्याने याचे उत्तर तारखेने दिले आहे. ते उत्तर पुरेसे आहे असे आम्हास वाटत नाही. त्याचा विचार करण्यापूर्वी हा बाजार कसा उभा राहिला ते पाहू.

दुसरे महायुद्ध संपल्यावर साऱ्या जगाच्या कोठारांत कोट्यवधी रायफली पडून होत्या. सैन्ये नव्या स्वयंचलित बंदुकांकडे वळली आणि हा माल सरकारांना जड झाला. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने ही संधी ओळखली. १९५३ साली त्याने आपली कंपनी काढली आणि पुढे व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पोटोमॅक नदीच्या काठची गोदामे युरोप, आफ्रिका व आशियातून आणलेल्या रायफलींनी भरून टाकली. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून टपालाने पैसे पाठवावेत आणि रायफल घरपोच यावी, असा तो काळ. शेतकरी हरणाच्या शिकारीसाठी ती घेत, युद्धावरून परतलेले शिपाई आठवण म्हणून घेत.

स्वदेशी कारखानदारांना हे रुचणे शक्यच नव्हते. न्यू इंग्लंडमधील बंदूक कारखान्यांचा धंदा बसत चालला, तेव्हा १९५८ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने परदेशी लष्करी रायफलींची आयात बंद करणारे विधेयक मांडले. ते विधेयक त्या रूपात संमत झाले नाही. त्या सिनेटरचे नाव जॉन केनेडी. पाच वर्षांनी, मार्च १९६३ मध्ये, शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागविलेली इटालियन सैन्याची जुनी कार्कानो रायफल डॅलसला गेली. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिनेच राष्ट्राध्यक्ष केनेडींचा प्राण घेतला.

त्यानंतरही कायदा व्हायला पाच वर्षे लागली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालाची विक्री थांबली आणि लष्करी जुन्या मालाची आयातही थांबली. १९८४ साली मात्र एक दार किलकिले झाले. ज्या रायफली "दुर्मिळ वा ऐतिहासिक वस्तू" या वर्गात बसतात त्यांना आयातीची परवानगी मिळाली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली बंदूक या वर्गात येते. तीस डॉलर भरून तीन वर्षांचा संग्राहकाचा परवाना काढला की अशा रायफली दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागविता येतात. संग्राहकाने आपली नोंदवही ठेवायची आणि धंदा करायचा नाही, एवढी अट. शिवाय १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बहुतेक बाबतींत बंदूकच नव्हे. ती पुराणवस्तू. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, पण पाया हाच.

या दाराने जे आत आले त्यात भारताचा वाटा मोठा आहे. .३०३ ची ली-एनफिल्ड तर आलीच. तिच्याशिवाय इशापूरची एक खास जात आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारताला रायफलींची निकड भासली. तेव्हा जुन्या ली-एनफिल्डचाच साचा घेऊन, अधिक चांगले पोलाद वापरून, नव्या ७.६२ काडतुसाची रायफल इशापूरने काढली. तिला टू-ए आणि पुढे टू-ए-वन म्हणतात. तिच्या पोटाखालची चौकोनी पेटी पाहताच ती ओळखू येते. ही जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेली आहे असा समज अमेरिकेत फार दिवस होता आणि अजून पुरता गेलेला नाही. ती मुळातच नवी घडविलेली होती. या जातीच्या साठच्या दशकातल्या रायफली आता सगळ्याच पन्नास वर्षे ओलांडून गेल्या आहेत, म्हणजे मूळ स्वरूपात असतील तर अमेरिकन कायद्याने "ऐतिहासिक" झाल्या आहेत. ज्यांनी त्या हाताळल्या ते शिपाई मात्र आपल्या गावी पेन्शन घेत अद्याप हयात आहेत.

आणि खुद्द भारतात काय? तेथे .३०३ हा लष्करी बोअर म्हणून सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. ब्रिटिशांनीच ही बंदी घातली, म्हणून शिकारीसाठी .३१५ ची वेगळी रायफल निघाली, आणि स्वातंत्र्यानंतरही तीच रीत चालू राहिली. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले, त्याविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांनी वर्षानुवर्षे ठराव केले, हा इतिहास आपण शिकलो आहोत. ब्रिटिशांचा अविश्वास इतका की इशापूरच्याच कित्येक रायफलींच्या नळ्या .४१० च्या गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घेतील अशा बनवून, त्या पहारेकऱ्यांना व पोलिसांना दिल्या जात. त्याही आज अमेरिकेत संग्राह्य आहेत. मेदिनीपूरचा वा साताऱ्याचा नागरिक जी रायफल घरात ठेवू शकत नाही ती मिसुरीचा नागरिक हौसेने ठेवतो.

संग्राहकांची सर्वांत गाजलेली खरेदी नेपाळातली. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळापासून साठलेली पन्नास हजारांच्या घरातली शस्त्रे २००३ साली दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून विकत घेतली. त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चकमकीच्या बंदुका होत्या, मार्टिनी-हेन्री होत्या आणि नेपाळने स्वतः घडविलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. त्यांतल्या बहुतेकांचे साल १८९८ च्या आतले, म्हणजे कायद्याचा अडथळा नाहीच. धूळ आणि वाळलेल्या चरबीने इतक्या माखलेल्या की गिऱ्हाइकाला ती तशीच स्वस्तात विकण्याची पद्धत पडली. साफ करण्याचा आनंद ज्याचा त्याने घ्यावा.

अलीकडच्या वर्षांत इथिओपियातूनही मोठा साठा आला, आणि त्यात इटालियन कार्कानो भरपूर आहेत. त्यांच्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत हिंदी सैन्य इटालियनांशी लढले. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्या उघड्या खडकांवरून वर चढले तेव्हा समोरून ज्या रायफली झडत होत्या त्या याच जातीच्या होत्या. २७ मार्चला केरेन पडले. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी जे दुसऱ्या महायुद्धात पायोनियर म्हणून मिसर व उत्तर आफ्रिकेत गेले, किंवा मॉरिशस रेजिमेंटमधून मादागास्करला गेले, त्यांच्यापैकी ज्याच्या हाती रायफल आली त्याच्या हाती .३०३ आली. एरवी आपल्या बेटावर बंदूक म्हणजे रिव्हिएर न्वारच्या बाजूला हरणांच्या "शास"च्या मोसमात मोठ्या इस्टेटवाल्यांच्या खांद्यावर दिसणारी वस्तू. कास्काव्हेलच्या आमच्या आजोबांनी हरणे उठविण्यासाठी हाकारे घातले असतील. बंदूक त्यांच्या वाट्याला आली नाही.

आता या रायफली जपण्याविषयी. हा भाग आम्ही थोडा विस्ताराने देत आहोत, कारण या हौसेचे खरे मर्म तेथेच आहे आणि गोळी झाडण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

कोठारातून निघालेली रायफल कॉस्मोलीन नावाच्या घट्ट तपकिरी ग्रीसने लडबडलेली असते. तीस-चाळीस वर्षांत ते ग्रीस लाकडात मुरते आणि बोल्टच्या सांदीकोपऱ्यात वाळून टणक होते. लोखंडी भाग सुटे करून मिनरल स्पिरिटमध्ये भिजवितात. लाकडी दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवतात, म्हणजे ग्रीस घामासारखे बाहेर येते आणि फडक्याने पुसून घेता येते. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे कानसपेपर. दस्ता घासून चकचकीत केला की त्याबरोबर तपासनिसाचे शिक्के, पलटणीची खूण आणि दुरुस्तीच्या नोंदी कायमच्या जातात, आणि रायफलीची निम्मी किंमतही जाते. जाणकार माणूस घाण काढतो पण डाग ठेवतो. मग कच्चे अळशीचे तेल तळहाताने चोळतो, थोडे थोडे आणि पुष्कळ दिवस. ब्रिटिश सैन्यातही हेच तेल आणि हीच रीत होती.

नळीचे काम अधिक नाजूक. खडकीच्या जुन्या काडतुसांत कॉर्डाइटच्या, शेवयांसारख्या दिसणाऱ्या काड्या असत, आणि टोपीतल्या मसाल्यात असे क्षार असत की जळल्यावर ते मिठासारखे नळीत बसतात. हवेतला दमटपणा शोषून एका रात्रीत गंज चढवितात. तेलाने हे मीठ निघत नाही. त्याला पाणीच लागते, तेही उकळते. म्हणून शिपाई नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत आणि मग वजन बांधलेल्या दोरीने, ज्याला पुलथ्रू म्हणत, फलालीनची पट्टी ओढून नळी कोरडी करीत. ती दोरी आणि पितळी तेलाची कुपी दस्त्याच्या बुडाशी झाकणाआड ठेवलेली असे. शंभर वर्षांपूर्वीची कुपी अजून जागेवर सापडली की संग्राहकाला कोण आनंद होतो! समुद्राकाठी राहणाऱ्या आम्हा लोकांना खाऱ्या गंजाविषयी वेगळे सांगायला नकोच.

याहून महत्त्वाचे ते हेडस्पेस. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यामध्ये किती जागा राहते, ते मोजण्याचे हे माप. ती जागा मर्यादेहून वाढलेली असेल तर काडतूस फाटून जळता वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. जुन्या रायफलीत बोल्ट एकीचा आणि नळी दुसरीची असे घडते. म्हणून दोघींवरचे क्रमांक जुळतात का ते आधी पाहायचे, मग पोलादी मापाने जागा तपासायची, आणि शंका असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यायची. "डी. पी." असा शिक्का असेल तर ती कवायतीसाठी बाद केलेली. ती भिंतीवर शोभते, मैदानावर नव्हे. इशापूरच्या काही रायफलींना पुढच्या भागी तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती शोभेची नव्हे. हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरलेल्या रायफलीचे लाकूड फुटू नये म्हणून ती आहे, आणि अशा रायफलीने किती मार खाल्ला असेल हे सांगता येत नाही. काडतुसांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावे लागतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याची ७.६२ ची जुनी काडतुसे अमेरिकेत स्वस्तात आली, पण नेमबाजांत त्यांची कीर्ती चांगली राहिली नाही. पुष्कळांनी ती न झाडता तशीच ठेवून दिली.

क्रमांक, शिक्के, साल यांवरून एका रायफलीचा प्रवास शोधण्याची ही धडपड आपल्याला परकी वाटू नये. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी गिरमिटाच्या नोंदवहीतला क्रमांक शोधून पणजोबांचे गाव काढले आहे. तेथेही एक आकडा, एक जहाज आणि एक साल, एवढ्यावरून सारे उलगडत जाते. फरक इतकाच की आपला आकडा माणसाचा होता.

आता हा बाजार आटत का चालला आहे? चीनच्या बंदुकांना अमेरिकेने १९९४ सालीच दार बंद केले. दक्षिण कोरियाला दिलेल्या अमेरिकन गॅरंड रायफली परत आणून विकण्याचा बेत २०१० मध्ये परराष्ट्र खात्याने अडविला, आणि २०१३ मध्ये असा माल खासगी लोकांसाठी परत आणणेच ओबामा सरकारने थांबविले. नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये रशियाच्या बंदुका व काडतुसे यांचे नवे आयात परवाने बंद झाले. मोसिन-नागांत ही रशियन रायफल पंधरा-वीस वर्षांपूर्वी शंभर डॉलरच्या आत मिळे आणि दुकानात छत्र्यांसारखी पिंपात उभी असे. आज तिला कित्येक पट मोजावे लागतात. २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमानंतर अनेक देश जुनी शस्त्रे विकण्याऐवजी वितळवू लागले आहेत. गॅरंड रायफली नागरिकांना विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था १९९६ पर्यंत सरकारी होती. सुमारे चोपन्न लाख गॅरंड बनल्या होत्या, तरी तिचाही साठा खाली गेला. २०२५ मध्ये तिने नव्याने घडविलेल्या गॅरंड विकण्याचे जाहीर केले. जुन्याची हौस भागविण्यासाठी नवे करावे लागावे, यावरून काय ते समजावे.

परिणाम असा की जी हौस कामगार, शिक्षक आणि माजी सैनिकांची होती ती आता पैसेवाल्यांची होत आहे. ज्यांनी साठ-सत्तर डॉलरला रायफली घेतल्या ते संग्राहक वृद्ध झाले. त्यांच्या मागे विधवा पत्नी वा मुले कपाट उघडतात आणि आत काय आहे, भरलेले आहे की रिकामे, हेही त्यांना ठाऊक नसते. आमच्या मते धोक्याची जागा ही आहे.

संग्राहकांची बाजू आम्हास समजते. नऊ पौंड वजनाची, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावा लागणारी रायफल घेऊन कोणी दुकान लुटायला जात नाही, असे ते म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. डॅलसचे उदाहरण मोठे असले तरी विरळा आहे. पण अमेरिकेत बंदुकीने होणारे निम्म्याहून अधिक मृत्यू दरोड्यात वा भांडणात होत नाहीत. २०२१ साली असे ४८,८०० च्या वर मृत्यू झाले, त्यांपैकी २६,३०० हून अधिक आत्महत्या होत्या. निराश माणसाला बोल्ट किती जलद चालतो याच्याशी काही देणेघेणे नसते. घरात बंदूक आहे आणि शेजारी काडतूस आहे, एवढे त्याला पुरते. १८९७ ची रायफल आणि १८९९ ची रायफल यांत त्या घरातल्या माणसांच्या दृष्टीने काडीचाही भेद नाही, आणि कायदा मात्र तेथेच रेघ ओढतो.

तारखेऐवजी कायद्याने हे विचारावे की या बंदुकीचे काडतूस आज दुकानात मिळते काय. मिळत नसेल तर ती खरोखरच पुराणवस्तू. तिला मोकळी ठेवण्यास आमची हरकत नाही. मिळत असेल तर ती कितीही म्हातारी असो, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात आणि काडतुसे तिसऱ्या जागी, असा नियम असावा. चांगले संग्राहक आजही तसेच करतात, त्यामुळे त्यांना त्याचा जाच होणार नाही. हा बदल लवकर होईल असे मात्र दिसत नाही. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की बंदुकीचा कोणताही निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेशी जुळला पाहिजे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत बोल्टला कुलूप लावण्याचा कायदा शोधायला वकिलांना बराच वेळ लागेल.

भारताच्या बाजूनेही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. खडकी आणि वरणगाव आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहेत, इशापूर दुसऱ्या एका कंपनीकडे. कोणत्या साली किती रायफली घडल्या, कोणत्या पलटणीला कोणते क्रमांक गेले, याची जी जुनी दप्तरे या कारखान्यांत उरली असतील ती अभ्यासकांसाठी उघडावीत, जशी मोक्याची दप्तरे आपल्यासाठी उघडली गेली. तूर्त इशापूरच्या रायफलीवरचा शिक्का वाचायचा कसा, हे अमेरिकेतले हौशी लोक एकमेकांना शिकवीत आहेत.